आण्णा लॅपटॉप बघायला आले तेव्हा

आण्णांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि काउंटरपलीकडच्या मुलाचा चेहराच पडला.

"काका, खोलायचं नाही हं. वॉरंटी जाते."

"खोलत न्हाई. ऐकतोय."

आण्णांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपवर अलगद टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. राजारामपुरीतल्या त्या चकचकीत दुकानात दसऱ्याच्या खरेदीची गर्दी उसळलेली. त्या गर्दीत माझे वडील एका सोनेरी लॅपटॉपची नाडी बघत उभे होते. मी दोन पावलं मागं सरकले आणि प्रिंटरच्या शाईकडे फार रस घेऊन बघू लागले.

"आवाजच न्हाई," आण्णांनी डोळे उघडले. "चालू हाय का बंद हाय, कळायचं कसं?"

"काका, आवाज नाही हेच तर चांगलं आहे. पंखाच नाही त्याला."

"पंखाबी न्हाई?" आण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्यानं एक्सलशिवाय गाडी विकायला काढली होती. "मग थंड कसं व्हायचं?"

आण्णांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. लोखंडाचा गज मशीनमध्ये धरून फिरवायचा आणि हवा तसा तासून काढायचा, हे त्यांचं काम. मशीनच्या पोटात काय चाललंय ते स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायचं ही त्यांची जुनी सवय. शेजाऱ्यांचं मिक्सर, आत्याचं शिलाई मशीन, सगळं त्यांनी असंच ऐकलेलं. एकदा तर त्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यातला फ्रीज ऐकला होता आणि डॉक्टर हात बांधून निकालाची वाट बघत उभे होते.

आता लॅपटॉपची पाळी होती.

आमच्यासोबत विश्वासमामा होता. आईचा भाऊ, बँकेत नोकरीला. घरात काहीही घ्यायचं झालं की तो आधी आठवडाभर अभ्यास करायचा, मग आम्हाला आठवडाभर शिकवायचा आणि शेवटी शेजाऱ्यांनी घेतलं असेल तेच घ्यायला लावायचा. तो त्या सोनेरी लॅपटॉपच्या प्रेमात पडला होता.

"दाजी, बी.कॉम.ला एवढा बास झाला. हिशेब होतील, टायपिंग होईल, टॅली चालेल. वजनाला फूल आहे."

"त्येच म्हंतोय पाव्हणं," आण्णा म्हणाले, "वजनच न्हाई. पंखा लावला तर उडून जाईल."

त्यांची नजर पलीकडच्या एका काळ्या लॅपटॉपवर होती. चांगला जाडजूड गडी होता तो. आण्णांनी तो उचलला, हातात खालीवर केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "ह्येला मशीन म्हंत्यात."

आणि मला हवा होता तिसराच. कोपऱ्यातल्या टेबलावर एक राखाडी लॅपटॉप होता. दिसायला अगदीच साधा. पण त्याच्या पडद्यावरचा लाल रंग खरोखरचा लाल दिसत होता, विटकरी नाही, गुलाबी नाही. शेजारी चित्र काढायचं सपाट पॅड आणि पेन जोडून ठेवलं होतं. दुकानात शिरल्यापासून मी तिकडं बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं.

गोष्ट अशी होती. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते आणि दुपारी शाहूपुरीत ॲनिमेशनच्या क्लासला जात होते. घरी सगळ्यांना माहीत होतं, कुणाची तक्रार नव्हती. पण क्लासच्या सरांनी सांगून टाकलं होतं, की दिवाळीनंतर स्वतःचं मशीन नसेल तर पुढच्या वर्गात घेणार नाही. क्लासमधली मशीन नव्या मुलांना लागतात. हिशेब कुठल्याही लॅपटॉपवर झाले असते. चित्रं हलवायला मात्र तो राखाडीच हवा होता. सोनेरी घेतला असता तर चार चित्रांतच हातपाय गाळून बसला असता. म्हणजे त्या दुपारी त्या दुकानात लॅपटॉपबरोबर माझा क्लास राहणार की जाणार, हेही ठरणार होतं.

आणि आण्णांच्या लेखी क्लास म्हणजे नाद होता.

आमच्याकडं नादाला कुणी वाईट म्हणत नाही. उलट नाद नसलेल्या माणसाकडं जरा संशयानंच बघतात. धाकट्या काकांना कबुतरांचा नाद होता, विश्वासमामाला जुने रेडिओ गोळा करायचा. पण नाद रविवारी करायचा. नादासाठी जेवण थांबत नाही, वीज जाळत नाहीत आणि नादासाठी मशीन तर कुणीच घेत नाही. माझी चित्रं आण्णांना दाखवली की ते "छान" म्हणायचे. बऱ्याचदा कागद त्यांच्यासमोर धरायच्या आधीच म्हणायचे.

"तुला कुठला आवडला, हर्षदा?" मामानं विचारलं. विचारण्याची रीत म्हणून विचारलं. उत्तराची वाट न बघता तो सोनेरी लॅपटॉप कुठल्या बाजूनं उघडतो ते बघू लागला.

"तो राखाडी," मी म्हटलं.

"त्यो?" आण्णांनी मान वळवली. "त्येच्यात काय हाय?"

काय सांगणार होते मी? रंग खरे दिसतात, हे आण्णांना सांगण्यासारखं कारण नव्हतं. तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा धावून आला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर ऋतुराज असं नाव होतं. देव त्याचं भलं करो.

"मॅडम, बसून बघा ना. पेन आहे, काढून बघा काहीतरी."

मी बसले. पेन हातात घेतलं आणि डोकं एकदम रिकामं झालं. घर, सूर्य, डोंगर काढायचं माझं वय नव्हतं आणि मागं तीन माणसं उभी होती. हात आपोआप जे येतं तेच काढू लागला. लेथ. लहानपणी शाळा सुटली की मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात एका खोक्यावर बसून अभ्यास करायचे, तेव्हापासून समोर तेच मशीन. त्याचा चक, म्हणजे गज घट्ट पकडून फिरणारा तो गोल जबडा, मी डोळे मिटून काढू शकले असते. चक काढला, त्यात धरलेला गज काढला, गजाला टेकलेलं, लोखंड कापणारं टूल काढलं आणि टूलखालून निघणारी लोखंडाची कुरळी साल काढली. मग पुढचं चित्र, चक जरा वळलेला. मग त्याच्यापुढचं. आजूबाजूचा गलका मला ऐकू येईनासा झाला. थोड्या वेळानं मी बटण दाबलं आणि पडद्यावर लेथ फिरू लागला.

"आयला!" मामा ओरडला. "दाजी, बघा की! फिरतंय की हो!"

ऋतुराजही वाकून बघू लागला. शेजारच्या टेबलावर एक बाई कीबोर्ड बघत होत्या, त्यासुद्धा आल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या. आता आण्णा छान म्हणतील, मामा अजून दोन शब्द घालील आणि काम होऊन जाईल, असं मला वाटलं.

आण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. बघितलं. अजून वाकून बघितलं.

"उलटा फिरतोय," ते म्हणाले.

"काय?"

"चक. उलटा फिरतोय. आसा फिरला तर टूल कापतंय व्हय? नुसतं घासत बसंल. पुन्हा कर."

त्या बाई हसल्या. मामा म्हणाला, "अहो दाजी, चित्र आहे ते. चित्रात काय उलटं नि सुलटं."

आण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी गुपचूप सगळी चित्रं उलट्या क्रमानं लावली. चक सुलटा फिरू लागला, पण आता साल टूलच्या पोटात परत जाऊ लागली.

"साल बघ कुठं चाललीय," आण्णा म्हणाले. "आणि टूल खाली बसवलंयस. गजाच्या बरोबर मध्यावर यायला पायजे त्याचं टोक. पुन्हा कर."

आता मात्र माझे कान तापले. भरल्या दुकानात, अनोळखी माणसांसमोर! आयुष्यभर माझी चित्रं न बघता छान म्हणणारा हा माणूस, आणि आजच, नेमका आजच त्याला माझ्या चित्रातले दोष दिसायला लागले होते. मी ओठ दाबून काम करत राहिले. आण्णांनी कुठूनसं एक स्टूल ओढून घेतलं आणि ते माझ्या खांद्याशी बसले. साल सुरुवातीला सरळ निघते, मग वळते, हे त्यांनी बोटानं हवेत काढून दाखवलं. मी तसं केलं. ते म्हणाले, "आजून. लई लवकर वळतीय." मी परत केलं. ऋतुराजला दुसऱ्या गिऱ्हाइकानं हाक मारली, तो गेला. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा होता आणि मधूनच "बास की आता" म्हणत होता.

शेवटी मी बटण दाबलं. चक फिरला, टूल पुढं सरकलं, साल निघाली, वळली आणि तुटून खाली पडली.

आण्णा बघत राहिले. चित्रफीत संपून पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथं काहीच नव्हतं. ना राग, ना कौतुक. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला आणि ते उठले.

"कुठला घ्यायचा त्यो तुझं तू बघ," ते म्हणाले. "पाव्हणं, बिलाचं तेवढं बघा. मी भाईर हाय."

आणि ते खरोखरच दुकानाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

मामानं कपाळावर हात मारला. "चिडले. कशाला काढायचं लेथ? त्यांच्या कामाची चेष्टा केल्यासारखं झालं ते. गणपती काढायचा, फूल काढायचं!"

"मी चेष्टा नाही केली, मामा."

"मला कळतंय गं. त्यांना कळायला पाहिजे ना." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, हा सोनेरी घे. अभ्यासाचा आहे, स्वस्तात पडतो, दाजी शांत होतील. नाहीतर तो काळा घे, त्यांना आवडलाय. चित्रांचं काय, पुढं बघू."

पुढं बघू म्हणजे काय, ते आमच्या घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक होतं. मी काचेतून आण्णांची पाठ बघितली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. राग आला नसता तर मी सोनेरी घेतला असता, हे मला आजही पक्कं माहीत आहे. काळा घेतला असता तर आण्णा खूश झाले असते. मी दोन्हीकडे एकदा बघितलं.

"राखाडी," मी परत आलेल्या ऋतुराजला म्हटलं. माझा आवाज जरा चिरकलाच. "आणि ते पेन, पॅडसुद्धा."

"नक्की?" त्यानं मामाकडे बघत विचारलं.

"मी घेतेय ना? मला विचारा. नक्की."

मामानं असा उसासा सोडला, की जणू बँकेतलं मोठं कर्ज बुडालं असावं.

घरी जाताना मी आण्णांच्या मागं स्कूटरवर बसले होते आणि खोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. सायबर चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, "नीट धरलंयस न्हवं?" मी हो म्हटलं. एवढंच आमचं संभाषण. कुठला घेतला, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मी मनात भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती, उत्तरं पाठ केली होती. ती तशीच वाया गेली.

आईनं खोक्याला ओवाळलं. मग लॅपटॉप बाहेर काढून तो देवघराशेजारच्या पाटावर माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकांवर ठेवला. परवा दसरा, सरस्वतीची पूजा होईल तेव्हा पुस्तकांबरोबर त्याचीही होईल, असं तिनं ठरवून टाकलं. "अभ्यासाची वस्तू आहे," ती म्हणाली. मामानं जोरजोरात मान हलवली आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, म्हणजे मी मध्ये काही बोलू नये.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं उद्यमनगरात दिवाळीपेक्षा या दिवसाला मान. ज्या हत्यारांवर पोट चालतं त्यांची त्या दिवशी पूजा करायची. आदल्या दिवशी मशीन धुऊनपुसून लख्ख करायची, आणि पूजा झाली की दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. सगळ्या गल्लीतली खडखड बंद असते आणि सगळीकडून झेंडूचा आणि तेलाचा एकत्र वास येतो.

मी सकाळी न्हाऊन आले तेव्हा आण्णा देवघरापाशी उभे होते. नवा सदरा घातला होता. त्यांनी पाटावरचा लॅपटॉप उचलला. पॅड आणि पेनही घेतलं. पुस्तकं तशीच ठेवली. आणि सगळं छातीशी धरून ते निघाले.

"आण्णा, कुठं नेताय?"

"चल," ते म्हणाले आणि थांबलेच नाहीत.

परत करायला नेतायत. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही. मी चपला न घालताच त्यांच्यामागं पळाले. माझ्यामागं आई, पूजेचं ताट घेऊन, आणि आईमागं मामा, तोंडात पोह्यांचा घास घेऊन. "दाजी, दुकान आज उशिरा उघडतंय," तो ओरडत होता, म्हणजे त्याच्याही डोक्यात तेच होतं.

आण्णा दुकानाच्या रस्त्याला वळले नाहीत. ते वर्कशॉपात शिरले.

आत दस्तगीरचाचा पूजेची मांडणी करत होते. चाचा आण्णांचे सगळ्यात जुने टर्नर, लेथवर त्यांचा हात आण्णांपेक्षाही हलका. मोठ्या लेथला झेंडूची माळ घातली होती. लेथसमोर एका फळीवर पांढरं कापड अंथरून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं ठेवली होती. आण्णांचा मायक्रोमीटर. चाचांची स्वतःची टूलं, पुसून चकचकीत केलेली. हातोडा, करवत, कानस, पाने.

आण्णांनी करवत आणि कानस जरा बाजूला सरकवली. मध्ये जागा झाली. त्या जागेत त्यांनी लॅपटॉप ठेवला, शेजारी पॅड, पॅडवर पेन. मग मागं सरून ओळ सरळ आली का ते बघितलं आणि पेन किंचित फिरवलं.

मामानं घास गिळला.

"दाजी, ती अभ्यासाची वस्तू आहे. उद्या पुस्तकांबरोबर पुजायची."

"पुस्तकं हायत की घरात. त्यांची उद्या करा," आण्णा म्हणाले. "ह्ये तिचं हत्यार हाय."

आईच्या हातातलं ताट जरा कलंडलं. मी तिथंच उभी. माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मग काल तुम्ही चिडून बाहेर का गेला?"

"कोण चिडलंय?" आण्णांना खरोखरच नवल वाटलं. "आगं, हत्यार ज्याचं त्यानं बघून घ्यायचं असतंय. ह्या दस्तगीरचं टूल मी कदी आणलंय? त्येच्या हाताला काय बसतंय ते मला काय कळणार? मी तितं उभा ऱ्हायलो असतो तर तू तो काळा घेतला असतास."

ते खरं होतं. निदान खरं असण्याची भीती होती. आदल्या दिवशी ते माझ्या खांद्याशी स्टूल ओढून बसले होते आणि पुन्हा कर, पुन्हा कर म्हणत होते, ते सगळं मला आता एकदम नीट दिसायला लागलं. कौतुकाचे दोन शब्द हवे म्हणून मी रात्रभर रुसून होते, आणि त्यांनी तर माझ्याशी कामाचं बोलणं सुरू केलं होतं. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी आईच्या हातून ताट घेतलं.

पूजा झाली. आण्णांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. लॅपटॉपची पाळी आली तेव्हा ऋतुराजची आठवण येऊन मी म्हटलं, "आण्णा, बटणांवर नको, वॉरंटी..." तेव्हा त्यांनी झाकणावर एकच टिकली लावली, अगदी करंगळीनं, आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. नारळ फोडताना पाणी उडालं तशी आई आपला पदर पसरून लॅपटॉपवर ओणवी झाली. हत्यार असो नाहीतर आणखी काही, नवीन वस्तू भिजणं तिला चालणार नव्हतं. मामानं सगळ्यांना पेढे वाटले आणि राखाडीच घ्यावा असं आपल्याला पहिल्यापासून वाटत होतं, असं तो चाचांना सांगू लागला.

आता सगळं आटोपलं म्हणून मी लॅपटॉप उचलायला गेले. क्लासचं काम राहिलं होतं, दिवस मोकळा होता आणि मला कधी एकदा पेन हातात घेते असं झालं होतं.

"आं!" आण्णांनी माझा हात वरच्यावर अडवला. "आज हात लावायचा न्हाई त्येला. उद्या दसऱ्याचं शिलंगण झाल्यावर."

"अहो, पण माझं..."

"कुणाचंच आज चालू न्हाई. तुझंच कसं चालंल?"

मी हात मागं घेतला. आई आणि मामा घरी गेले. आण्णा आणि दस्तगीरचाचा वर्कशॉपच्या पायरीवर जाऊन बसले. मीही गेले आणि चाचांच्या शेजारी बसले. गल्ली एकदम शांत होती. समोरच्या फाउंड्रीतली माणसं पायरीवर बसून पेढे खात होती. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं, ते मी मांडीवर रिकामे ठेवले होते, त्यांच्यासारखेच.

"काय गं बाय," ते म्हणाले, "आज सुट्टी?"

"व्हय चाचा," मी म्हटलं. "आज सुट्टी."